तबकडीवरचे दोन रिकामे ठोके

सरकारी कागदावर ज्याच्या नावापुढे 'बेपत्ता' लिहिलं आहे, तो माणूस मेला असं ठरवण्याचा हक्क कोणाचा, वाचकहो? सरकारचा, भावकीचा, की ज्या बाईचं कुंकू जाणार आहे तिचा?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझे मामा कर्जतला पत्रकं छापत, आणि बाराखडी मी त्यांच्याच वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर गिरवली. अंगारे-धुपारे करणाऱ्या बुवांविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिली, वाटली, त्यापायी मारही खाल्ला. त्यामुळे हे लिहिणं मला जड जातं आहे... पण लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

मी भिवपुरीच्या पॉवर हाउसच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. शेजारच्या क्वार्टरमध्ये ऑपरेटर साने राहतात. लढाई संपली आणि खालापूरच्या पुढे असलेली गोऱ्या सोल्जरांची छावणी उठली, तेव्हा तिथल्या विकायला काढलेल्या सामानातून सान्यांनी जाझच्या तबकड्यांचा एक ढीग आणला. ओल लागून त्यांचे कागद सुटून गेले होते. गाणं कोणतं, बँड कोणाचा, काही कळायला मार्ग नाही. राहिला होता तो फक्त मधल्या भोकाजवळ खरडलेला नंबर.

मग दर रविवारी दुपारी आमचा उद्योग सुरू झाला. सान्यांनी ग्रामोफोनला चावी द्यायची, आणि कर्जतचे रेल्वे गार्ड पिंटो यांनी डोळे मिटून ऐकायचं. पिंटो मूळचे गोव्याचे. तरुणपणी मुंबईत बँडमध्ये कॉर्नेट वाजवत. कॉर्नेट म्हणजे आखूड तुतारीसारखं वाद्य. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकून ते नाव सांगत. नाही ओळखता आलं, तर चाल पाठ करून मुंबईला जात आणि जुन्या सोबत्यांना शिटीवर ऐकवत. पुढच्या रविवारी उत्तर हजर! साहेबाची लढाई मला नको होती, पण गोऱ्यांच्या अमेरिकेत ज्यांना दाराबाहेर उभं करतात त्या काळ्या माणसांचं हे संगीत मला आपलं वाटे.

एक तबकडी मात्र कोणालाच ओळखता येईना. सुरुवातीला एकटा पियानो, मग कॉर्नेट, आणि तिसऱ्या फेरीत, म्हणजे चाल तिसऱ्यांदा येते तेव्हा, वाद्यं एकदम थांबून एक पुरुषाचा आवाज — नुसते बिनअर्थाचे बोल. जाझमध्ये असं गातात म्हणे. पिंटो ते बोल कर्जत स्टेशनवर गुणगुणत हिंडायचे, "लावारा बांकारा लावा..." आणि हमाल त्यांची नक्कल करायचे. पिंटोंना खटकत होतं ते वेगळंच. त्या बोलांनंतर दोन ठोके अगदी रिकामे जात. "असा कुठला बँड करणार नाय, बाबा," ते म्हणत. "पोट दुखलं तरी ठोका भरतात. ही जागा कोणासाठी सोडलीय?"

आता माझ्या घरचं सांगतो. आम्ही पोशीरचे, भातशेतीवाले. माझा थोरला भाऊ दत्तू लॉरी चालवायला मिळेल म्हणून लढाईवर गेला आणि ब्रह्मदेशात बेपत्ता झाला. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, त्या रविवारी पोशीरहून आली ती हेच सांगायला की भावकीने ठरवलं आहे — सर्वपित्रीला दत्तूच्या नावाने दर्भाचा पुतळा करून जाळायचा, आणि तिचं कुंकू उतरवायचं.

"आप्पा म्हन्तात, आत्मा लटाकतोय," वहिनी सान्यांच्या दारातच टेकली. "मी म्हनलं, तुमचा बी लटाकतोच हाय ना पारावर दिवसभर, त्याचं काय करू?"

आप्पा म्हणजे आमचे थोरले काका. मी काही बोलणार, तेवढ्यात आत तबकडी तिसऱ्या फेरीला आली. आवाज झाला — आणि त्याच्यामागे, त्या दोन रिकाम्या ठोक्यांत, वहिनीच्या तोंडून आपसूक निघालं, "होऽऽ."

नेमकं बसलं. लगेच कॉर्नेट सुरू झालं, जणू तिच्या होकारासाठीच थांबलं होतं.

पिंटोंनी डोळे उघडले. वहिनी पांढरी पडली होती.

"भावजी, ह्यो तर बँकरला हाकतोय."

सान्यांना समजलं नाही. पण मला समजलं. कर्जतहून घाट चढायला गाडीला मागून जोर देणारं जे इंजिन लावतात, त्याला इकडे सगळे बँकर म्हणतात. दत्तूने आपल्या बैलाचं नाव बँकर ठेवलं होतं. चिखलणीत जोडीदार बसला तरी तो एकटा रेटायचा म्हणून. "लाव रं बँकरा, लाव!" अशी हाक तो वावरातून द्यायचा, आणि बांधावर रोपांच्या मुठी बांधत बसलेली वहिनी तिथून "होऽऽ" म्हणायची. घर रेटणारा बँकर बैल नाही, मीच, असा तिचा त्यातला टोमणा. दोघांची थट्टा होती ती. दुसरं कोणी ती ओ देत नसे.

लावारा बांकारा लावा.

माझ्यातला पत्रकं वाटणारा लगेच जागा झाला. बिनअर्थाचे बोल आहेत, ज्याला जे हवं ते ऐकू येतं, मी म्हणालो. पिंटो म्हणाले, हेच बोल ते स्टेशनवर कधीपासून गुणगुणत होते. वहिनी त्यांच्याकडे बोट करून शांतपणे म्हणाली, "मंग ह्यांनी मी येन्याआदी बी तेच कसं ऐकलं?"

पुढच्या रविवारी पिंटोंनी मुंबईहून ग्रेगरी नावाच्या पियानोवाल्याला आणलं. शिटीवर तेवढा सुरुवातीचा पियानो ऐकताच त्यांनी चाल ओळखली होती. त्यांच्याकडे तीच तबकडी होती, खरडलेला नंबरही तोच. लढाई सुरू व्हायच्या आधी त्यांनी ती मुंबईत घेतली होती. दत्तूने बँकर विकत घेतला तो लढाई सुरू झाल्यावर. म्हणजे आवाज दत्तूचा असणं शक्यच नव्हतं. मी मनात सुस्कारा टाकला — आणि भावाचा आवाज नाही याचं बरं वाटलं म्हणून त्याच क्षणी मला स्वतःचा राग आला.

आधी त्यांची तबकडी लावली. तिसरी फेरी आली. आवाज नाही. रिकामे ठोके नाहीत. कॉर्नेट अखंड वाजत गेलं.

सुई बदलून आमची लावली. आवाज आला. "रं" मधला तो पोशीरचा रेटा, "बँ"नंतरची खेच... टेबलावर बोटांनी ठोके मोजत असलेले ग्रेगरी मध्येच थांबले. ते म्हणाले, कधीकधी एकच गाणं तबकडीसाठी दोनदा भरतात, ही दुसरी खेप असेल. पण खेप वेगळी तर नंबरही वेगळा असतो, मग इथे एकच कसा?

बातमी पोशीरला पोचली, आणि तिथे उलटंच घडलं. आप्पा म्हणाले, "तबकडीतून बोलतोय म्हंजे गेलाच. जित्ता मानूस तबकडीत कशाला शिरंल? फोडा ती."

"मेलेला मानूस बैल हाकतो का, आप्पा?" वहिनी म्हणाली. "त्यो कामावर हाय."

आता माझी अवस्था बघा. आवाज खोटा म्हणावं, तर भावकीला मोकळं रान. खरा म्हणावं, तर ज्या बुवांविरुद्ध मी पत्रकं लिहिली त्यांच्याच पंगतीत मी बसतो. रात्रंदिवस हेच डोक्यात फिरतं. दत्तू जिवंत आहे असा माझा दावा नाही. तबकडीवर काय आहे हे मला माहीत नाही, आजही नाही. पण माहीत नसताना बाईचं कपाळ पुसणं हा गुन्हा आहे, एवढं मी कुठल्याही पारावर उभा राहून सांगेन.

म्हणून हात जोडून विनंती. पुण्या-मुंबईत, देवळालीत, जिथे जिथे छावण्यांचं सामान विकलं गेलं, तिथे कोणाकडे कागद नसलेली जाझची तबकडी असेल — पियानो एकटा, मग कॉर्नेट — तर ती लावून बघा. तिसऱ्या फेरीत आवाज आहे की नुसतं कॉर्नेट, ते नीट ऐका. तो आणखी कुठे निघाला, तर तबकडीत बोलतो तो मेलेलाच, हे आप्पांचं म्हणणं टिकणार नाही. आवाज असेल तर त्याच्यामागे ओ देऊ नका, ती जागा दुसऱ्या कोणाची तरी आहे. आणि जे ऐकाल ते एका ओळीत या मासिकाच्या पत्त्यावर कळवा. मात्र सर्वपित्रीच्या आत कळवा. त्या दिवशी सकाळी भावकी पुतळा बांधायला बसेल, आणि तेव्हा वहिनीच्या बाजूने बोलायला माझ्याखेरीज आणखी कोणीतरी हवं.