मनूचं दहावं

घोडपदेवच्या चाळीतला गुणाजी तावडे सव्वीस वर्षं एकाच बाईच्या दिमतीला आहे, असं शेजारी म्हणायचे आणि त्याची बायकोही हसायची. ही बाई म्हणजे मनू, प्राणीबागेतली पाणघोडी. वजन दीड टन आणि स्वभाव खाष्ट सासूचा.

तिच्या तळ्यापाशी लोक नाकाला रुमाल लावत, तेव्हा गुणाजीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शिंच्यांनो, हे तळं तिनंच घडवलंय! काठावर गवत खाऊन ती पाण्यात शिरायची आणि शेपटीने शेण उडवायची. त्यावर शेवाळ वाढायचं, शेवाळावर चिलापी मासे जगायचे, माशांसाठी बगळे नि एक खंड्या यायचा. दिवसभर ती तळाशी चालत राहायची, गाळ ढवळत. सिमेंटच्या हौदात तिने संसार मांडला होता. स्वतःचं पिल्लू मात्र तिला झालं नाही.

ऐन मे महिन्यात मनू म्हातारपणाने गेली. दुसऱ्याच दिवशी बागेची तरुण डॉक्टर मृणालिनी तळ्यावर आली.

"काका, मासे आजच दुसऱ्या हौदात हलवू आणि हे पाणी उपसू."

गुणाजी आडवा आला. "मॅडम, दहाव्यापर्यंत ऱ्हवू दे. माणूस गेला म्हणून त्याचा बिछाना लगेच कोण झाडता?"

"ती ढवळायची म्हणून हे पाणी जिवंत होतं. आता खालचं शेण कुजेल, मासे गुदमरतील."

"सव्वीस वर्षां ह्या पाणी बघतंय मी. तिची पोरां ती. दहावा झाला की माझ्या हातान हलवतलंय."

बोलता बोलता म्हातारा रडायला लागला. मृणालिनीला ते बघवेना. तिने मान डोलावली, आणि तिथेच ती चुकली.

पाण्यावर साय धरली. पाचव्या दिवशी कुजक्या अंड्यांचा वास सुटला. आठव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. गुणाजी काठावर बसून त्यांना समजावत होता, "आईक शोधतास काय रे? आता ती नाय येवची."

दहाव्याला तो अंघोळ करून भाताचा पिंड घेऊन आला. तळं पांढरं दिसत होतं. सगळे मासे उलटे पडले होते, आणि कावळे त्यांच्यावर तुटून पडले होते. भाताकडे एकही फिरकला नाही.

कावळा शिवत नसला की मागे राहिलेल्याने शब्द द्यायचा असतो: तुझी पोरं मी सांभाळीन. गुणाजीने हात जोडले. हे एवढं एकच वाक्य, पण ते त्याच्या तोंडून फुटेना.

मृणालिनी मागे येऊन उभी राहिली होती. तिने बोल लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मग त्याने लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि टोपली घेऊन पाण्यात उतरला. कबूल केल्याप्रमाणे एकेक मासा त्याने स्वतःच्या हाताने हलवला.