अक्का करील तसं

महानंदाक्का गेल्या त्याला पाच आठवडे झाले. त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणं सोपं आहे. मला जे लिहायचंय ते सोपं नाही.

अक्का मूळच्या मैंदर्गीच्या, सोलापुरात शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. दर रविवारी दुपारी भद्रावती पेठेतल्या एका हॉलमध्ये आम्हा आठ बायकांना जमवून त्या तासभर नाटक करायच्या... संहिता नाही, प्रेक्षक नाहीत, बोलणं तर नाहीच. एकीनं मनाला येईल तशी हालचाल करायची, बाकीच्यांनी हुबेहूब तिच्यासारखं करायचं. नवरा गेल्यावर वर्षभर मी कुणाशी धड बोलले नव्हते. पहिल्या दिवशी भिंतीला चिकटून उभी होते, तर अक्का म्हणाल्या, "तोंडानं सांगू नको गं. अंगाला सांगू दे की." विडी वळणारी नरसम्मा तेव्हा हवेतच विडी वळत होती. आम्ही सगळ्या वळायला लागलो, तशी ती रडायलाच लागली. "आजपतूर कुणी बघितलं न्हवतं माझ्या हाताकडं," म्हणाली. मग मीही रडले, आणि घरी जाऊन कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

त्या शेवटच्या रविवारी सुरुवात अक्कांनी केली. डावा हात लोंबता सोडला, तोंड वाकडं केलं, हळूहळू गुडघ्यांवर आल्या आणि आडव्या झाल्या. आम्हीही हात सोडले, तोंडं वाकडी केली, आडव्या झालो. अर्धांगवायूचा झटका होता तो... तास संपल्याची टाळी अक्काच वाजवायच्या. ती वाजेना, तेव्हा कुठे नरसम्मा उठून बसली.

"उशीर केलात," डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांनी अक्का गेल्या. पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलीनं, सुजातानं, मला विचारलं, "मावशी, आई पडल्यावर लगेच उचललं ना तुम्ही?"

"व्हय गं, लगेच," मी म्हणाले. ती माझ्या गळ्यात पडली. "तुम्ही होतात म्हणून तरी बरं," म्हणाली. पुण्याला परत जाताना तिनं हॉलची किल्ली माझ्या हातात ठेवली, आईचा वर्ग तुम्हीच चालवा म्हणून. रविवारी मी हॉलपर्यंत जाते, कुलूप तसंच आहे ना ते बघते आणि परत येते. देवापुढे हात जोडायचीही लाज वाटते आता.

सुजाता, तोंडावर सांगायची छाती झाली नाही. लगेच नाही उचललं गं. तुझी आई घशातून आवाज काढत होती, मी तिच्या शेजारी पडून तसाच आवाज काढत होते... आणि आज आपल्याला काय छान जमतंय, असं मला वाटत होतं.