कळ आल्याबद्दल आभार

नातवंडांनो, गेल्या हिवाळ्यात थोरलीचा मेलबर्नहून रोमन अक्षरांतला मराठी मेसेज आला. पहिला शब्द के, ए, एल. मी वाचलं, ‘कळ आली ग आजी, थँक यू!’ कळ आल्याबद्दल आभार मानणारी आपल्या घराण्यात ती पहिलीच. मी घाबरून फोन लावला.

“कुठे आली? पोटात?”

“नाही ग, दारात!”

मी पाठवलेली गोधडी ‘काल’ पोचली होती.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, शिस्तीची बाई. त्याच दिवशी तुम्हा दोघांना कळवलं: मराठी देवनागरीतच लिहा, नाहीतर उत्तर मिळणार नाही. हा हुकूम इंग्रजीत काढला, म्हणजे नीट कळावा. धाकट्याने अंगठा पाठवला. थोरलीने काहीच नाही. तीन महिने एक ओळसुद्धा नाही. माझा नियम तंतोतंत पाळला जात होता, आणि मी दिवसातून दहादा फोन बघत होते.

इथे वॉटफर्डला कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर मी मेथी लावते. शेजारचा तुकडा एका व्हिएतनामी बाईंचा. पूर्वी त्या शिवणकाम करत. त्यांच्या रोपांपुढच्या पाट्यांवर अक्षरं रोमन, पण वर-खाली टिंबं, टोप्या, गळासारखे आकडे. एकदा मी म्हटलं, “इंग्रजी अक्षरांवर एवढे दागिने कशाला?”

“इंग्रजांची कुठे? त्यांनीही उचललेलीच,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे ‘मा’ म्हणजे भूत. वर एक रेघ दिली की आई. खाली टिंब दिलं की भाताचं रोप.”

“म्हणजे रेघ विसरली की आईचं भूत?”

“ते ज्याच्या त्याच्या आईवर आहे!”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची भाषा कंबोडियातल्या ख्मेर भाषेच्या नात्यातली, पण कारभार शेकडो वर्षं चिनीत. पुढे स्वतःच्या बोलीसाठी तिथल्या लोकांनी चिनी वळणाचीच नवी अक्षरं घडवली. मग युरोपातले धर्मप्रचारक आले आणि त्यांनी ती बोली रोमन अक्षरांत उतरवली. फ्रेंचांनी ती लिपी राज्याच्या सोयीसाठी रेटली, आणि फ्रेंचांना हाकलणाऱ्यांनी तीच गावोगाव शिकवली, कारण ती पटकन येत होती.

“म्हणजे पणजोबांची पत्रं तुम्हाला वाचता येत नाहीत?” मी जरा जास्तच हळहळले.

“नाही. तुम्हाला तुमच्या पणजोबांची येतात?”

माझ्या पणजोबांची पत्रं मोडीत आहेत. मला मोडीचं एक अक्षर येत नाही. छापायला देवनागरी सोपी म्हणून मोडी मागे पडली, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं. मी खाली वाकून मेथी खुडू लागले.

घरी येऊन थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा रोमन अक्षरांत मराठी लिहिलं: तुझी आठवण येते, जमेल तसं लिही. दोन ओळींना वीस मिनिटं लागली.

उत्तर पाच मिनिटांत आलं. ज्या लिखाणाला नियमच नाहीत, त्यातल्या माझ्या तीन चुका तिने दाखवल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘मला पण तुझा खूप आठवण येतो.’

आठवण स्त्रीलिंगी आहे. तेव्हा बोलले नाही. आज इथे नोंदवते, एवढंच.