डॅनियल सरांचे सहा दिवस

डॅनियल सर गाडीतून उतरले की आधी जमिनीला हात लावायचे. आमच्या बालगृहाच्या फाटकासमोरच्या फुफाट्यात एक गुडघा टेकायचे, डोळे मिटायचे आणि तळहात मातीवर दाबून म्हणायचे, "प्रभूने माझ्या हृदयात हिंगोली घातली आहे." मागून उतरणारी त्यांच्या पुण्याच्या चर्चची पोरं-पोरी हे मोबाइलवर टिपून घ्यायची. मग सर उठायचे, हात झटकायचे, कोणाकडून तरी सॅनिटायझर मागून घ्यायचे आणि मला विचारायचे, "मार्था, वेस्टर्न टॉयलेट झालं का या वर्षी?"

माझं त्यांच्याबद्दलचं मत त्या पहिल्या पाच मिनिटांतच झालं. पुढे ते पाच वर्षं दर फेब्रुवारीत सहा दिवस येत राहिले, पण ते मत बदलावं असं काही त्यांनी केलं नाही.

आमचं बालगृह सेनगावच्या रस्त्यावर. तीसएक मुली. मी त्यांचा संध्याकाळचा अभ्यास घेते आणि कार्यालयाचं लिहिण्याचं काम बघते. मी स्वतः ख्रिस्ती आहे, माझे आजोबा गावोगाव सायकलवर फिरून उपासना घ्यायचे. हे अशासाठी सांगते, की कोणाला वाटू नये माझा हा राग परक्या धर्माचा आहे. उलट तो आपल्याच घरातल्या माणसाबद्दल येतो तसला राग आहे.

सर याला बालगृह कधी म्हणाले नाहीत. 'ऑर्फनेज' म्हणायचे. खरं तर आमच्या मुलींपैकी बहुतेकींना आई तरी होती, नाहीतर बाप. कोणाची आई हळदीच्या कामावर, कोणाचा बाप दुसरं लग्न करून गेलेला. अगदी कोणीच नाही अशा चौघी-पाचजणी. हे मी सरांना पहिल्याच वर्षी सांगितलं. ते समजूतदारपणे हसले आणि म्हणाले, "मार्था, आत्म्याच्या दृष्टीने सगळेच अनाथ असतात." अशा वाक्यांची त्यांच्याकडे कधी कमतरता नव्हती. कमतरता असायची ती ऐकून घ्यायची.

दरवर्षी त्यांची मंडळी एक भिंत रंगवायची. दरवर्षी तीच भिंत, जेवणाच्या खोलीची बाहेरची. एका वर्षी तिच्यावर फुलपाखरं, पुढच्या वर्षी त्या फुलपाखरांवर चुना आणि चुन्यावर लाल बदामाचे आकार. मुली मला विचारायच्या, "बाई, हे भिताड पुन्हा काहून रंगवून राहिले? चांगलं तर हाय." तिसऱ्या वर्षी मी धीर करून सरांना म्हणाले, "सर, यंदा भिंत राहू द्या. न्हाणीघराच्या दाराला कडी नाही. मोठ्या मुली आंघोळीला बसल्या की दुसरीला दार धरून उभं राहावं लागतं. तेवढी कडी लावून द्या."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कडी कोणीही सुतार लावेल, मार्था. आम्ही दारं बंद करायला नाही, हृदयं उघडायला आलोय."

भोवतीच्या पोरांनी "आमेन" म्हटलं. सर गेल्यावर आमच्या अधीक्षिका सुशीलाबाईंनी सुतार बोलावला. अर्ध्या तासाचं काम.

न्यायाने एक सांगायला हवं. सरांचा गळा सुंदर होता. गायला लागले की आमच्या दांडगट मुलीसुद्धा मांडी घालून गप्प बसायच्या. त्यांनी शिकवलेली दोन-तीन गाणी मुली अजून सुरात म्हणतात. सर थोडं कमी बोलले असते आणि थोडं जास्त गायले असते, तर मी हे लिहायला बसले नसते.

शेवटच्या दिवशी रडणं असायचं. ते आपसूक झालं तर ठीक, नाहीतर सर घडवून आणायचे. मुलींना गोल उभं करायचे, हळू आवाजात गाणं धरायचे आणि पुण्याच्या प्रत्येक ताईला एकेक लहान मुलगी कवेत घ्यायला सांगायचे. पाच वर्षांची मंगल एका वर्षी सोनिया नावाच्या ताईला बिलगली ती सुटेना. सोनियाही रडली, आणि "मी लवकर परत येते हं" म्हणाली. सर माझ्याकडे वळून डोळे टिपत म्हणाले, "बघा. अश्रू म्हणजे बी. आपण पेरून चाललो."

त्या पेरणीचं पीक आम्ही काढलं. मंगल आठ दिवस शाळेतून आली की फाटकापाशी जाऊन बसायची. झोपेत अंथरूण ओलं करायला लागली. "सोनियादीदी कवा येनार?" असं मला रोज विचारायची. पुढच्या वर्षी सोनिया नव्हती, दुसरीच कोणी होती. मी सरांना म्हणाले, "मुलींना 'परत येते' असं कोणाला सांगू देऊ नका." ते म्हणाले, "प्रेमाला कॅलेंडर नसतं."

पाचव्या वर्षी त्यांनी साक्षीचा, म्हणजे येशू कसा भेटला ते सांगणारा, व्हिडिओ करायचं ठरवलं. पुण्याच्या चर्चमध्ये दाखवायला. सगळ्या मुलींमधून त्यांनी रेणुका निवडली, कारण तिचे डोळे मोठे होते आणि ती स्पष्ट बोलायची. रेणुका तेव्हा दहा वर्षांची. तिची आई कौसाबाई विधवा, वसमतकडे हळद शिजवायच्या भट्टीवर कामाला. मुक्काम हलता असायचा, म्हणून मुलीला आमच्याकडे ठेवलेलं. महिन्यातून एका रविवारी एसटी बदलत भेटायला यायची.

व्हिडिओ घेतला तो रविवार नेमका तिच्या भेटीचाच होता. व्हरांड्यात कॅमेरा लागलेला, आणि कौसाबाई फाटकातून आत आली. हात मनगटापर्यंत पिवळे, फडक्यात बांधलेले तिळाचे लाडू. सर म्हणाले, "मार्था, या बाईंना जरा मागे बसवा. फ्रेममध्ये येतात."

"सर, ही रेणुकाची आई आहे."

"हो हो, नंतर भेटू त्यांना," ते कॅमेऱ्याकडे बघतच म्हणाले.

मी कौसाबाईजवळ गेले. "थोडा वेळ चुलीपाशी बसता का? फोटो काढून राहिलेत." ती म्हणाली, "व्हय बाई, बसते की," आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. स्वयंपाकघर व्हरांड्याला लागूनच. मध्ये फक्त एक खिडकी.

सरांनी रेणुकाला वाक्य दिलं, "मला या जगात कोणी नव्हतं. मग मला येशू भेटला." रेणुका माझ्याकडे बघायला लागली. "बाई, पन माझी आई हाय ना? आताच आली ना ती?"

"साक्ष ही आतली गोष्ट असते बेटा," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मार्था, तुम्ही समजावा. तुमचं ऐकेल ती."

मी समजावलं. होय, मीच समजावलं. दिवसभर उन्हात उभी होते, संपावं एकदाचं एवढंच वाटत होतं. "म्हन बाळा," मी म्हणाले, "दोन मिनिटांचं तर हाय."

रेणुका हुशार. एका दमात म्हणाली, चुकली नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कौसाबाई दारात येऊन उभी राहिली.

"व्हय गं," तिने लेकीला विचारलं, "कोनी न्हवतं का तुला?"

रेणुकाचं तोंड उतरलं. कौसाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि सरांना वाटलं, ते साक्षीने हेलावून आलंय. "बघा, प्रभूने या माउलीला स्पर्श केला!" असं म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली.

"हात काढा," कौसाबाई म्हणाली.

त्यांनी डोळे मिटलेले होते. तिने स्वतःच त्यांचा हात उचलून बाजूला केला, रेणुकाचं मनगट धरलं आणि फाटकाकडे चालायला लागली. मी दप्तर घेऊन मागे धावले. तिने ते घेतलं, माझ्याकडे बघितलं नाही. सर मागे कोणाला तरी सांगत होते, "भावनिक झाल्या बाई. नैसर्गिक आहे."

पंधरा दिवसांनी मी वसमतला गेले. शोधत शोधत भट्टी सापडली. उकळत्या हळदीच्या वाफेत कौसाबाई उभी होती, आणि पलीकडे वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला रेणुका दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. मी माफी मागितली. सरांबद्दल काय काय म्हणायचं ते सगळं बोलून घेतलं. म्हटलं, अशी माणसं असतात, मुलीची शाळा बुडवू नका.

कौसाबाईने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "त्या मानसाचं मला काई न्हाई बाई. त्यानं माझं तोंड बी बघितलं न्हवतं. तुमी मला वळखत व्हता. तुमी म्हनलं म्हनून मी चुलीपाशी गेले. अन् लेकरू बी तुमच्याच तोंडाकडं बघून बोललं."

तिने मला चहा दिला, रेणुकाचं नाव तिथल्याच शाळेत घातल्याचं सांगितलं आणि कामाला लागली. निघताना रेणुका फाट्यापर्यंत सोडायला आली. तिला माझा राग नव्हता. तेच जास्त लागलं.

मी परत येऊन सुशीलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सरांना दोन ओळींचं पत्र लिहिलं, यापुढे येऊ नये म्हणून. सरांच्या मंडळींकडून वर्षाची तूरडाळ यायची, ती बंद झाली. सुशीलाबाई म्हणाल्या, "पातळ वरण खाऊ." खाल्लंही.

वर्षभराने एका दुपारी सरांचा फोन आला. आवाज तसाच, गोड. पत्राचा उल्लेखही नाही. दुसऱ्या जिल्ह्यात नवं काम सुरू केल्याचं म्हणाले. मग विचारलं, "ती मुलगी कशी आहे हो? मोठ्या डोळ्यांची, कोणीच नसलेली. फार सुंदर साक्ष दिली होती तिने. लोक अजून रडतात."

मी म्हणाले, "तिची आई तिला घेऊन गेली."

मग त्यांचा आवाज भरून आला. "प्रभूची स्तुती असो! आई सापडली तिला? मार्था, हा तर चमत्कार आहे! या रविवारी सांगतोच मी."

"सर, आई हरवली नव्हती. व्हिडिओच्या वेळी ती तिथेच होती. तुम्ही सांगितलं आणि मी तिला चुलीपाशी नेऊन बसवलं."

मग सर म्हणाले, "हॅलो? तुमच्याकडे रेंज नाही वाटतं."

रेंज चांगली होती. त्यांनी फोन ठेवला, आणि पुन्हा कधी केला नाही.