अवज्ञा म्हणजे काय, असं तिने विचारलं होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वीसेक वर्षं डहाणू-तलासरीच्या बातम्या देतो; दुसऱ्यांच्या चुका तारीखवार लिहिताना हात थांबत नाही. स्वतःची एक चूक — तिथे वाक्य पुढे सरकत नाही.

जेठीबाई झरीजवळच्या एका निवासी शाळेत स्वयंपाक करायची. कंत्राटी. एका सकाळी तिने चूल पेटवलीच नाही. मी पोचलो तेव्हा तिने सूप माझ्यापुढे धरलं. तांदळात अळ्या वळवळत होत्या; शाळेच्या अधीक्षकांनी तोच शिजवायला सांगितला होता. मी फोटो काढला. मग अधीक्षकांकडे चहा घेतला, त्यांचं पत्रक घेतलं आणि तेच छापायला पाठवलं — 'स्वयंपाकिणीकडून आदेशाची अवज्ञा, मुले उपाशी'. फोटो पाठवला नाही. का? अधीक्षकांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. एवढंच. पण मला सांगायचंय ते हेही नाही.

चार दिवसांनी ती कासाच्या बाजारात जीपच्या थांब्यावर भेटली. हातात माझ्या बातमीचं कात्रण. तिला वाचता येत नव्हतं.

"भाऊ, उद्या चौकशी हाय. ही अवज्ञा केली का, असं विचारणार. म्हंजे काय ती?"

मला माहीत होतं. नोकरीच्या नियमांत तो गुन्हा. 'हो' म्हटलं की काम गेलं. अळ्यांचं सांगा, फोटो माझ्याकडे आहे — एवढंच बोलायचं होतं. पण मग तिने विचारलं असतं ना, की तुम्ही तो छापला का नाही?

मी म्हणालो, "'नाही' म्हणणं, मावशी. दुसरं काही नाही."

ती हसली. "मंग केलीच की! तोंडावर बोलले त्या सायबाच्या, पयला तूच खा."

दुसऱ्या दिवशी चौकशीत तिने तेच सांगितलं. कागदावर अंगठा दिला. आठवड्यात काम गेलं. त्या आठवड्यात कुठल्याही दिवशी मी फोटो घेऊन जाऊ शकत होतो. त्यानंतरही. गेलो नाही — एकदाही नाही.

आता ती नरपडच्या वाडीत चिकू तोडायला जाते. कधी आम्ही एकाच जीपमध्ये असतो. मागच्या बाकावरून ती इतर बायकांना सांगत असते, "मी अवज्ञा केली. म्हंजे नाय बोलले. या भाऊंनी शिकवला शब्द." बायका तो शब्द म्हणून बघतात, हसतात. मी पुढे, ड्रायव्हरजवळ. फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी रस्त्याकडे बघत राहतो.