दोन बोटं बाहेर

“ती ग्रिप काढ.”

साहेब म्हणाले. साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे वर्क्स मॅनेजर. क्लबच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेले, हातात चहाचा कप. तासाभरापूर्वी माझ्या रॅकेटची तार तुटली, तेव्हा त्यांनीच आपली दुसरी रॅकेट मला दिली होती. खेळ थांबू नये म्हणून. आता खेळ संपला होता.

“नवी बसवून आण. चामडं आहे, घाम धरून ठेवतं.”

कुणाचा घाम, ते बोलले नाहीत. बाजूच्या चौघा अधिकाऱ्यांना ते न सांगता कळलं.

मी फरशीवर बसलो आणि मुठीवरची पट्टी उलगडली. नीट उलगडली, कुठं फाटू दिली नाही. कामात मी नेटका. आणि वर मान करून विचारलं, “साहेब, जुनी मी घेऊ का?”

“घे की. तुम्हा लोकांना चामड्याची सवय आहे.”

हशा झाला. मीही हसलो. सगळे थांबल्यावरही थोडा वेळ हसत होतो.

सायकल मारत मोशीला घरी आलो. बायकोला पट्टी दाखवली. आपल्या जुन्या रॅकेटला बसवू म्हणालो. काय झालं तेही सांगितलं, गंमत म्हणून. सुमन भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“मेलेली ढोरं वढायचं आपल्या वाड्यानं सोडलं, त्याला ईस वर्सं झाली. आन तुमी ह्ये कातडं हितवर वढून आनलं? हसत?”

तिनं पट्टी चुलीत टाकली. घरात दोन दिवस जळक्या कातड्याचा वास होता.

आता मी टेनिस कसा काय खेळायचो, ते सांगतो. सकाळच्या शिफ्टला मी लेथवर बदली कामगार, म्हणजे कायम न केलेला, कधीही काढता येणारा. चारनंतर क्लबच्या कोर्टवर. पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. साहेबांना जोडीदार नसला की समोर उभं राहायचं. याला मार्कर म्हणतात. मार्करचं काम चेंडू साहेबांच्या हातात आणून देण्याचं. हातानं नाही, रॅकेटनं. त्यांच्या उजव्या बाजूला, कमरेइतका उंच, फार जोरात नाही. आणि शेवटी हरायचं. तेही असं, की साहेबांना घाम यावा आणि संशय येऊ नये. यात मी तरबेज होतो. साहेबांचा चेंडू रेघेबाहेर वीतभर पडला तरी “सुंदर, साहेब!” म्हणायचो. रेघ खेळाआधी मीच मारलेली असायची.

सहा वर्षांत मी एकदाही जिंकलो नव्हतो. याचा मला अभिमान होता, बोला.

ते आणीबाणीचे दिवस. युनियनचे दोघे एका सकाळी शिफ्टला आले नाहीत. कुठं गेले, कुणी विचारलं नाही. त्यांच्या मशीनवर दुसरी माणसं आली. कँटीनमध्ये ताटांचे आवाज तेवढे राहिले. अशात नोटीस लागली: यंदा क्लबच्या स्पर्धेत कामगारही खेळतील. कामगार आणि अधिकारी एका मैदानावर. फोटो निघणार. कामगारांत टेनिस येणारा मी एकटा. माझं नाव मला न विचारताच लिहिलेलं होतं, समोर साहेबांचं.

शनिवारी फोरमन बापूराव मशीनपाशी आले. माणूस वाईट नव्हता. फक्त कायम मागं बघून बोलायचा.

“हे बघ राव, उद्या मॅच. सोमवारी पर्मनंटची यादी सहीला जाणार. तुझं नाव घातलंय मी. सही कुणाची असते?”

“साहेबांची.”

“शहाणा आहेस. दोन सेटमध्ये आटप.”

सहा वर्षं बदलीवर काढलेल्या माणसाला पर्मनंट म्हणजे काय, ते बदलीवर राहिल्याशिवाय कळायचं नाही. तरी त्या रात्री मी सुमनला म्हणालो, “उद्या खरं खेळणार.” ती म्हणाली, “बघू.” एवढंच.

रविवारी कोर्टच्या जाळीबाहेर शंभरेक कामगार उभे. आत खुर्च्यांवर अधिकारी. फाटकाशी सिक्युरिटीचा जमादार, हात मागं बांधून. बापूराव गुण मोजायला उंच खुर्चीत. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते ज्यानं त्यानं सांगायचं, असा नियम.

मी मारायला गेलो. खरंच गेलो. पण हात ऐकेना. मनात चेंडू डाव्या कोपऱ्यात, हातातून निघाला की साहेबांच्या उजव्या बाजूला, कमरेइतका उंच. ताटात वाढल्यासारखा. साहेबांनी सर्व्हिस करायच्या आधी मी पळत जाऊन चेंडू गोळा केले आणि दोन्ही हातांनी त्यांना दिले. मॅच माझीही आहे, हेच विसरलो. जाळीबाहेरून कुणीतरी ओरडलं, “ए भावा, खेळतोयस का वाढतोयस?”

हसले सगळे. यावेळी मी हसलो नाही.

पहिला सेट सहा-एक गेला. तो एक गेमही साहेबांच्या चुकांनी मिळालेला.

तेव्हा मला लेथ शिकवणारे उस्ताद आठवले. सुरुवातीला फोरमन मागं उभा राहिला की माझा जॉब, म्हणजे लेथवर कापायला लावलेला तुकडा, बिघडायचा. उस्ताद म्हणायचे, “मागं कोण उभाय ते बघू नको. टूलचं टोक बघ. टोक जिथं टेकतंय, तेवढंच तुझं.” एकदा जमलं की मग जनरल मॅनेजर उभा राहिला तरी जॉब बरोबर यायचा.

मी साहेबांकडे बघायचं सोडलं. त्यांचा पांढरा शर्ट नाही, खुर्च्या नाहीत, जमादार नाही. चेंडू मातीला टेकतो ती जागा. तेवढीच.

पहिले दोन चेंडू मधल्या जाळीत गेले. तिसरा डाव्या कोपऱ्यात पडला. साहेब हललेच नाहीत. त्यांना तिकडं पळायची सवयच नव्हती. ती सवय मीच कधी लागू दिली नव्हती.

जाळीबाहेर हळूहळू आवाज बंद झाला. टाळ्याही नाहीत. सगळ्यांना कळलं होतं, काहीतरी होणार. बापूराव गुण सांगताना घसा खाकरू लागले. पाच-चार. मी पुढं. एक पॉइंट आणि सेट माझा.

साहेबांचा चेंडू लांब आला. मागच्या रेघेच्या बाहेर पडला. दोन बोटं. लाल मातीवर खूण उठली.

तोंडात “सुंदर, साहेब” आलं होतं. दातांपर्यंत आलं होतं. मी गिळलं.

“आऊट.”

एवढासा शब्द. सहा वर्षांत पहिल्यांदा उच्चारला, म्हणून चिरका निघाला.

साहेब मधल्या जाळीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. सावकाश. खूण पाहिली. मग बुटानं ती पुसली.

“कुठं आहे आऊट? बापूराव?”

बापूराव माझ्याकडे बघेनात. “इन, साहेब.”

“रेघ मी मारलीय,” मी म्हणालो.

“मैदान कंपनीचं आहे,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “विसरू नकोस.”

फाटकावरचा जमादार दोन पावलं आत आला. पॉइंट साहेबांना गेला, बरोबरी झाली; आता मला सलग दोन पॉइंट हवे होते. पुढचे दोन्ही चेंडू मी रेघेपासून चांगले हातभर आत मारले. पुसायला काही ठेवलंच नाही.

सेट माझा. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कामाचं काही आठवल्यासारखं केलं आणि निघून गेले. तिसरा सेट झालाच नाही. फोटोही निघाला नाही.

सोमवारी बापूरावांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. ‘माझी नजर चुकली. चेंडू आत होता. गैरवर्तनाबद्दल क्षमस्व.’ बाजूला यादी, सही न झालेली.

“सही कर बाबा. जगात असे किती चेंडू पडतात.”

“बापूराव, तुम्ही पाहिलात ना?”

त्यांनी पेन पुढं सरकवलं. बाहेर जमादार उभा होताच.

मी पेन घेतलं. टाइप केलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: चेंडू दोन बोटं बाहेर होता. त्याखाली सही केली. पूर्ण नाव, बापाचं नाव, मुक्काम मोशी.

“पोराबाळांचा विचार कर,” बापूराव म्हणाले.

“तोच केला.”

दुसऱ्या दिवशी फाटकावर हजेरीच्या पंचिंगच्या फळीवर माझं कार्ड नव्हतं. त्यानंतर कुठं कुठं उभा राहिलो, किती दिवस चूल थंड राहिली, ते सांगत बसत नाही. त्यानं कुणाला कळवळा यावा, असं मला वाटत नाही. एवढंच सांगतो: माझ्या बाजूला चेंडू कुठं पडला ते मी बघणार, आणि जिथं पडला तेच मोठ्यानं बोलणार. खूण पुसायला येणाऱ्यानं यावं. पुसून झाल्यावरही माझं म्हणणं तेच राहील.