अंबाडा सोडा

"मोबाइल फिरवा बाई. खोली दाखवा. हळूहळू. आता खाटेखाली."

मी फिरवला. वाकून, आरतीचं ताट फिरवावं तसा. हळदीचं पोतं दिसलं. न शिवलेल्या ब्लाऊजांचा ढीग दिसला. खुंटीवरचा मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, फाटका बनियन दिसला. खाटेखाली अंड्यांवर कोंबडी बसलेली होती. तिला उजेड आवडला नाही, ती ओरडली. मोबाइलमधल्या सगळ्या चौकोनांतली माणसं हसली. मीही हसले.

ते हसणं मला अजून सलतं. त्यांचं नाही. माझं.

वारंगा फाट्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक पंखा आणि मी. तिघांतलं कुणीतरी रोज बिघडलेलं असतं. राहायला जवळच्याच तांड्यावर. हिंगोलीच्या एका मंडळानं मोबाइलवर बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली होती. घरून खेळायचं, कॅमेरा चालू ठेवायचा. मी नाव टाकलं.

बुद्धिबळ मला बापानं शिकवलं, तांड्यावरच्या लिंबाखाली. बापाच्या डावात प्यादं एकच घर चालायचं, आणि राजा हत्तीच्या आड लपायचा नाही. मोबाइलवरचे नवे नियम मी शिकले, पण हात जुनाच राहिला. पहिल्या चालीला दोन घरांची मुभा असली तरी माझं प्यादं एकच घर सरकतं, नव्या सुनेसारखं.

दुसरी खोड, मला काचेवरचा पट दिसतच नाही. सोंगट्या चिकटवल्यासारख्या वाटतात. म्हणून ब्लाऊजपीसच्या उरलेल्या तुकड्यांचा एक पट मी शिवला. तो खाटेवर अंथरायचा, मोबाइलवरचा डाव बटणांच्या सोंगट्यांनी त्यावर मांडायचा, तिथं विचार करायचा आणि मग मोबाइलला बोट लावायचं. कॅमेऱ्यात काय दिसणार? बाई सारखी मान खाली घालून बाजूला बघून राहिली. कॉपी करणारं पोरगं असंच दिसतं, हे मला कबूल आहे.

त्या दुपारी समोर हिंगोलीचे रिटायर इंजिनिअर साहेब होते. मंडळाचे अध्यक्षही तेच. मी त्यांच्यावर मात केली.

साहेब गोड बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"वाईट वाटून घेऊ नका बाई. पण माणूस असं खेळत नाही. ह्या कॉम्प्युटरच्या चाली आहेत. कोण सांगतंय तुम्हाला?"

"कोनी न्हाई साहेब. मी हितं पट मांडलाय. ब्लाऊजपीसचा."

"ब्लाऊजपीसचा!" कुणीतरी म्हणालं. मग खोली दाखवणं झालं, कोंबडी झाली.

"मालक कुठं आहेत? त्यांना कॅमेऱ्यात बोलवा."

मालक आतल्या खोलीत झोपले होते. उठून आले आणि मोबाइललाच हात जोडले. "साहेब, मला तर त्यातलं गाढव आन् उंट बी वळखू येत न्हाई."

"गाढव नसतं त्यात. घोडा असतो."

"बगा," मालक म्हणाले. पुन्हा हशा.

साहेब म्हणाले, "आमच्याकडं रिपोर्ट आहे."

"दाखवा की."

"तुम्हाला कळणार नाही तो."

मग त्यांनी दोन वाटा ठेवल्या. चुकले असं बोलून व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा, नाहीतर रविवारी हिंगोलीला येऊन सगळ्यांसमोर खेळून दाखवायचं. मी म्हणाले, येते.

रविवारी ठेवणीतली साडी नेसले. कार्यक्रमाला बोलावल्यासारखी. मालकही सोबत आले. हॉलमध्ये मध्यभागी एक टेबल, त्यावर लाकडी सोंगट्या. मोठ्या, वजनदार. तशा मी कधी हातात धरल्या नव्हत्या. बोटं शिवशिवली.

एका मॅडमनी आधी मोबाइल घेतला. बरोबर आहे, दिला. मग कानांत बघितलं. कानात यंत्र घालतात म्हणे. बघू दिलं. पदर झटकायला लावला. झटकला. भोवती सगळे पुरुष बसलेले. मालक खाली फरशीकडं बघत होते.

"आता अंबाडा सोडा."

मी हात वर नेले. एक पिन काढली, दातांत धरली. तेवढ्यात समोर बसलेल्या साहेबांच्या शर्टाच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी काढला, बघितला, पुन्हा खिशात ठेवला. मॅडम माझ्या अंबाड्याकडंच बघत होत्या.

मी दातांतली पिन काढली.

"साहेबांचं बी बगा की."

मॅडम गोंधळल्या. "अहो, साहेबांचं कसं बघणार?"

"काहून? त्यांच्या कानाला भोकं न्हाईत का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला.

"चोरी तुम्ही केली, आणि झडती माझी?" साहेब म्हणाले.

"मी जिंकले साहेब. चोरी तुमी म्हणून राहिले."

"खेळणार आहात की नाही?"

खेळायचं होतं. फार खेळायचं होतं. त्या सोंगट्यांना हात लावायचा होता. पण जिंकले असते तरी साहेबांचं कौतुक झालं असतं, की बघा, बाईला किती संधी दिली. आणि हरले असते, तर? अशा झडतीनंतर हरलेच असते. साहेब हरले तर तो खेळ. मी हरले तर तो पुरावा.

"दोघांची झडती घ्या, आत्ता बसते. न्हाईतर न्हाई."

पिन अंबाड्यात खोचली आणि निघाले. मागून आवाज आला, "पळाली बघा."

फार मोठी शूर नाही मी. स्टँडवर तणतणत ज्या गाडीत चढले ती वसमतची निघाली, मालकांनी दंडाला धरून खाली उतरवलं.

वारंग्याच्या गाडीत बसल्यावर मालकांनी दोन तिकिटं काढली. मग हळूच म्हणाले, "एक इचारू? खरंच कोनी सांगत नव्हतं ना?"

"तुमी घरातच व्हते ना?"

"व्हतो. पन झोपलो व्हतो."

हॉलमधलं बोलणं कानावरून गेलं होतं. हे आत गेलं. ज्या माणसाला घोडा ओळखू येत नाही, त्यालाही साहेबांचा न बघितलेला रिपोर्ट खरा वाटला. नवरा असला म्हणून काय झालं, पुरावा मी देणार नाही.

दुकानात येणाऱ्या बायका आता माप देता देता बारीक हसतात. "वहिनी, फार हुशार मोबाइल हाय म्हनं तुमचा." मी टेप जरा आवळते. ती म्हणते, "अगं बाई, दम घेऊ द्या."

पुढं साहेबांचा फोन आला. पुन्हा गोड. "वाद नको. तोंडी सॉरी म्हणा, महिला गटात तुमचं नाव घालतो."

मालक शेजारीच उभे होते. म्हणाले, "म्हणून टाक ना. शब्दानं काय जातंय?"

जातंय. डाव जातोय. मी चुकले म्हणाले की तो डाव माझा राहत नाही. आणि उद्या तांड्यावरची कुठली पोरगी जिंकली, तर तिला विचारायच्या आधीच केस सोडायला लावतील. म्हणतील, मागं एकीनं कबूलच केलं होतं.

"तो डाव मी जिंकला साहेब," मी म्हणाले. "माफी न्हाई."

त्यांनी नाव कापलं. पुढच्या स्पर्धेला मी पुन्हा टाकलं. तेही कापलं. त्याच्या पुढचीही स्पर्धा येईल, तिथंही टाकीन. कापून त्यांचा हात दुखेल, टाकून माझा दुखणार नाही. दिवसभर मशीनवर चालणारा हात आहे.

अट एकच. पटावर बसायच्या आधी झडती दोघांची होईल. नाहीतर कुणाचीच होणार नाही.